लालबाग : एका उद्यानाचे जतन आणि नवजीवन

'लालबाग' हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम मुंबईचे गिरणगाव उभे राहते. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली लालबाग मात्र बंगळूर शहरातली आहे. १७६० साली तिची आखणी झाली. आज तिचे क्षेत्र सुमारे २४० एकर आहे. या अडीचशेहून अधिक वर्षांत म्हैसूरच्या गादीवर निरनिराळ्या सत्ता आल्या आणि गेल्या. कंपनी सरकार आले, राणीचे राज्य आले, संस्थानी कारभार झाला आणि अखेर लोकशाही राज्य आले. बागेभोवतीचे खेडेवजा गाव वाढत वाढत देशातील एक महानगर झाले. बाग मात्र जागच्या जागी राहिली.

ती कशी राहिली, हा प्रश्न केवळ बंगळूरकरांच्या जिव्हाळ्याचा नाही. पुण्याची एम्प्रेस गार्डन, मुंबईची राणीची बाग, कलकत्त्याजवळील शिबपूरचे वनस्पतिउद्यान ही सारी याच कुळातली आहेत. शहर दाटत जाते तसतशी अशा प्रत्येक उद्यानाच्या जमिनीची किंमत वाढते आणि त्याच मापाने त्याचे भवितव्य अनिश्चित होते. राजवाडा, किल्ला किंवा मंदिर जपायचे तर त्याची पडझड थांबवावी लागते. बागेचे तसे नसते. बागेतली प्रत्येक वस्तू जन्मते, वाढते आणि मरते. म्हणून जुनी बाग जशीच्या तशी राखणे ही कल्पनाच मुळात अशक्य आहे. बाग टिकते ती केवळ पुन्हा पुन्हा नवी होऊन. लालबागेचा इतिहास हा अशा नूतनीकरणांचाच इतिहास आहे आणि त्याच दृष्टीने तो येथे पाहावयाचा आहे.

या कथेचा आरंभ बागेच्याही फार पूर्वी होतो. उद्यानात एक प्रचंड उघडा खडक आहे. भूशास्त्रज्ञ त्याला द्वीपकल्पीय नाइस म्हणतात. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. या खडकाच्या माथ्यावर एक लहानसा दगडी मनोरा आहे. शहराची स्थापना सोळाव्या शतकात केंपेगौडा या नायकाने केली. त्याच्या घराण्यातील एका वंशजाने गावाच्या चार दिशांना चार मनोरे उभारले, अशी परंपरा आहे. गाव वाढेल ते फार तर या मनोऱ्यांपर्यंत, असा त्यामागचा संकेत होता असे सांगतात. आज त्या मनोऱ्याशेजारी उभे राहिले तर चारी दिशांना क्षितिजापर्यंत इमारतीच दिसतात. शहराने आपल्या सीमेची खूण केव्हाच मागे टाकली आहे.

बंगळूरचा महाराष्ट्राशी असलेला जुना संबंध सर्वश्रुत आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे शतकाच्या अखेरीस ते म्हैसूरच्या वडियार राजांकडे गेले. अठराव्या शतकाच्या मध्यास ते हैदरअलीच्या हाती आले आणि त्याने गावाच्या दक्षिणेस ही बाग घालण्यास प्रारंभ केला. बागेचा पहिला विस्तार सुमारे चाळीस एकरांचा होता. सिरा येथील मोगली धाटणीच्या बागेचा नमुना हैदरअलीच्या डोळ्यांपुढे होता, असे मानले जाते. त्याचा पुत्र टिपू सुलतान याने बाग वाढवली. काबूल, इराण, तुर्कस्तान, मॉरिशस अशा दूरदूरच्या ठिकाणांहून बियाणे आणि रोपे मिळविण्यासाठी त्याने प्रयत्न केले.

ही पहिली बाग कशी होती, याचे एक मोलाचे वर्णन उपलब्ध आहे. टिपूच्या पाडावानंतर वर्षभरातच, १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन नावाचा वैद्यकी आणि वनस्पतिशास्त्र जाणणारा अधिकारी म्हैसूर प्रांताची पाहणी करीत बंगळुरास आला. त्याने पाहिलेली बाग चौकोनी वाफ्यांत विभागलेली होती आणि वाफ्यांमधून वाटा गेल्या होत्या. वाटांच्या कडेने सरूची झाडे होती. एका वाफ्यात केवळ गुलाब, दुसऱ्यात केवळ डाळिंबे, अशी प्रत्येक जातीला स्वतंत्र जागा दिलेली होती. त्याच्या मते या बागांचा मुख्य दोष म्हणजे पाण्याचा तुटवडा. तीन विहिरींवर मोटा चालत आणि उतरत्या धावेवरून बैल ओढीत नेऊन पाणी वर काढले जाई. पूर्वी बाग अधिक चांगली राखली जात असे, असे तेथील लोकांनी त्याला सांगितले.

या शेवटच्या वाक्यात बागांच्या इतिहासाचे एक मर्म आहे. आश्रयदाता जाताच बाग ढासळू लागते. त्यासाठी शत्रूने तोडफोड करण्याचीही गरज नसते. मोट चार दिवस थांबली तरी पुरे.

बाग मोटेवर चालत होती, तशीच ती माणसांच्या हातांवर चालत होती. बंगळूरच्या परिसरात 'तिगळ' या नावाने ओळखला जाणारा बागवानांचा एक समाज आहे. तलावांच्या खालच्या ओलाव्याच्या जमिनीत भाजीपाला आणि फुले पिकविणे हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. शहराचा प्रसिद्ध 'करग' उत्सव याच समाजाचा. लालबागेच्या घडणीत या समाजाचा हात होता, असे परंपरा सांगते. उद्यानाच्या इतिहासात हैदर, टिपू आणि पुढील साहेब अधिकारी यांची नावे नोंदली गेली. माती ओळखणाऱ्या, कलमे बांधणाऱ्या आणि पहाटे पाणी सोडणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. तथापि अधिकारी बदलत असताना बागेचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले ते मुख्यतः याच अनामिक हातांतून, हे विसरता येणार नाही.

१७९९ नंतर बाग मेजर गिल्बर्ट वॉ या वनस्पतिप्रेमी लष्करी अधिकाऱ्याच्या ताब्यात आली. १८१९ साली त्याने ती कंपनी सरकारला देऊ केली आणि तिचा संबंध कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाशी जोडला गेला. तेथील प्रमुख डॉ. नॅथॅनियल वॉलिक हा त्या काळचा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होता. परंतु कलकत्ता दूर पडत होते. १८३१ साली म्हैसूरचा कारभार इंग्रजांनी आपल्या आयुक्तांकडे घेतला. १८३६ साली स्थापन झालेल्या कृषी आणि उद्यानविद्या संस्थेकडे बाग सोपविण्यात आली. १८४२ साली ती संस्थाच मोडली. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बागेला चार धनी झाले आणि एकाचीही घडी नीट बसली नाही. प्रत्येकाला बाग आवडत होती, यात शंका नाही. परंतु आवड ही व्यक्तीची असते आणि व्यक्तीबरोबर ती निघून जाते. बागेला आवश्यक असते ती दरवर्षी ठरलेल्या वेळी मिळणारी रक्कम, कायम नेमलेला जाणकार आणि तो गेल्यावर त्याच्या जागी येणारा दुसरा जाणकार.

ही गोष्ट १८५६ साली साध्य झाली. त्या वर्षी लालबागेला सरकारी वनस्पतिउद्यानाचा दर्जा मिळाला. यासाठी डॉ. ह्यू क्लेगहॉर्न यांचा सल्ला घेतला गेला होता. मद्रास इलाख्याच्या जंगल खात्याचा पाया घालणारे अधिकारी म्हणून त्यांचे नाव प्रसिद्ध आहे. लवकरच लंडनजवळच्या क्यू येथील जगद्विख्यात उद्यानात शिकलेले विल्यम न्यू हे प्रमुख म्हणून येथे आले. त्यांनी बागेतील वनस्पतींची यादी तयार केली. यादी करणे ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु बागेत काय आहे हे लिहून ठेवल्याशिवाय काय नाहीसे झाले हे कधीच कळत नाही. वैभवासाठी घातलेली बाग या यादीमुळे शास्त्राची बाग झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

हे शास्त्र सर्वस्वी निःस्वार्थ होते असे मात्र नव्हे. क्यू, कलकत्ता, सिलोन, मॉरिशस, बंगळूर या उद्यानांमधून रोपांची जी देवघेव चाले, तिच्यामागे साम्राज्याचा व्यापारी हिशेब होता. कोणते पीक कोठे रुजेल, त्यातून किती उत्पन्न निघेल, हे ताडून पाहण्याची ती केंद्रे होती. परंतु एकदा जमिनीत रुजलेले रोप आणणाऱ्याच्या हेतूशी बांधलेले राहत नाही. कोबी, फुलकोबी, नवलकोल यांसारख्या विलायती भाज्यांचा बंगळूरच्या मळ्यांत जो प्रसार झाला, त्यात या उद्यानाचा वाटा मोठा होता. बंगळूरकर ज्या फळभाजीला 'सीमे बदनेकायी', म्हणजे परदेशी वांगे, म्हणतात, ती येथे आणण्याचे श्रेय जॉन कॅमेरॉन यांना दिले जाते. पुढे ती दक्षिणेतील घराघरांतील स्वयंपाकाचा भाग झाली. आज ती परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

हे कॅमेरॉन १८७४ साली क्यूहून आले आणि १९०८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, लालबागेचे प्रमुख होते. १८८१ साली म्हैसूरचे राज्य पुन्हा वडियार घराण्याच्या हाती आले. तरीही कॅमेरॉन यांचे काम अखंड चालू राहिले. त्यांच्या काळातील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे काचगृह. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राणी व्हिक्टोरियाचे नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनासाठी बांधलेल्या स्फटिकप्रासादाची कल्पना त्यामागे होती. ओतीव लोखंडाचे नाजूक खांब, कमानी आणि काचेचे छप्पर असलेली ही वास्तू आज बंगळूरची ओळख बनली आहे. वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास, येथे पुष्पप्रदर्शन भरते आणि लाखो लोक ते पाहण्यासाठी रांगा लावतात. साम्राज्याच्या राजपुत्राने पाया घातलेल्या वास्तूत स्वातंत्र्याचा उत्सव फुलांनी साजरा व्हावा, हे कालपुरुषाचे एक सौम्य हास्यच म्हटले पाहिजे.

दुसरी गोष्ट काचगृहाइतकी डोळ्यांत भरणारी नाही, परंतु तिच्याहून अधिक मोलाची आहे. १८८९ ते १८९४ या अवघ्या पाच वर्षांत बागेला लागून असलेल्या जमिनी टप्प्याटप्प्याने संपादन करण्यात आल्या. केंपेगौडाच्या मनोऱ्याचा खडक याच वेळी बागेत आला. एकूण क्षेत्र १८८ एकरांवर गेले. त्या वेळी गाव लहान होते आणि बागेच्या मालमत्तेत एवढ्या जमिनीची भर का घालावी, असे कोणालाही वाटणे शक्य होते. शंभर वर्षांनी या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले. आज एवढी सलग जागा शहराच्या मध्यभागी कोणत्याही किमतीस मिळणार नाही. उद्यानाच्या बाबतीत दूरदृष्टी म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

कॅमेरॉन यांच्यानंतर आलेले गुस्ताव क्रुम्बिगेल हे जर्मनीचे. क्यू येथे काम केल्यानंतर १८९३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आले आणि तेथील राजवाड्यांच्या बागांवर त्यांनी आपली छाप उमटविली. १९०८ साली ते म्हैसूर संस्थानात गेले. मराठी वाचकाला परिचित असलेल्या बडोद्याच्या त्या सुधारणायुगाचा एक धागा असा थेट लालबागेपर्यंत जातो. क्रुम्बिगेल यांची दृष्टी बागेच्या कुंपणात मावणारी नव्हती. संपूर्ण शहर हीच एक बाग समजून रस्त्यांच्या कडेची झाडे निवडावीत, असा त्यांचा आग्रह होता. एका जातीचा बहर ओसरत असताना दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा, म्हणजे वर्षाचा कोणताही महिना फुलांवाचून जाणार नाही, अशी ही योजना होती. हिवाळा सरता सरता टॅबेबुइया, मग नीलमोहर, उन्हात गुलमोहर आणि सोनमोहर असा तो क्रम. 'उद्याननगरी' ही बंगळूरची ख्याती अशा आखणीतून निर्माण झाली. ती केवळ हवामानाची देणगी नव्हती. लालबाग ही या साऱ्या झाडांची रोपवाटिका होती.

क्रुम्बिगेल १९३२ साली निवृत्त झाले आणि १९५६ साली बंगळुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी एच. सी. जवरय्या आले. या पदावरील ते पहिले भारतीय अधिकारी होत. त्यांच्या काळात, १९३५ साली, काचगृहाचा विस्तार झाला. स्वातंत्र्यानंतर १९५१ ते १९७४ या काळात डॉ. एम. एच. मरीगौडा यांनी या संस्थेला एक नवाच अर्थ दिला. उद्यानविद्या ही राजवाड्यापुरती किंवा शहरापुरती न राहता शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेली पाहिजे, असे त्यांचे मत होते. राज्यभर फळबागा आणि रोपवाटिका उभ्या राहिल्या. १९५९ साली द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थेच्या रूपाने एक रोप लावले गेले. त्याचाच पुढे 'हॉपकॉम्स' हा फळे-भाज्यांच्या सहकारी विक्रीचा मोठा पसारा झाला. आजही बंगळूरच्या रस्त्यांवर या संस्थेची दुकाने दिसतात. ज्या उद्यानाने एकेकाळी सुलतानाच्या मेजवानीसाठी फळे पिकविली, त्याच उद्यानाने आता लहान बागाईतदाराच्या मालाला बाजार मिळवून दिला.

येथवरचा इतिहास पाहिला तर एक सूत्र स्पष्ट दिसते. वैभवाची बाग, शास्त्राची बाग, शहराच्या शोभेची बाग, शेतकऱ्याच्या शिक्षणाची बाग असे लालबागेचे प्रयोजन दर पिढीत पालटत गेले. परंतु नवे प्रयोजन स्वीकारताना जुने टाकून दिले गेले नाही. सरूच्या वाटांची कल्पना राहिली, यादी राहिली, काचगृह राहिले, रोपवाटिका राहिली. नूतनीकरण याचा खरा अर्थ हाच आहे. जुन्या इमारतीला नवा रंग दिला, दिव्यांची रोषणाई केली, कारंजी उभारली आणि उद्घाटनाची फीत कापली, म्हणजे उद्यानाचे नूतनीकरण झाले, असा एक समज अलीकडे सर्वत्र रूढ होत आहे. त्या कामांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र झाडाच्या आयुष्याच्या मापाने पाहता ती कामे क्षणिक आहेत.

बागेचे आजचे खरे प्रश्न जमिनीच्या खाली आणि कुंपणाच्या कडेला आहेत. पहिला प्रश्न मातीचा. लाखो पावलांनी तुडवली गेलेली माती घट्ट होते. तिच्यात हवा शिरत नाही आणि पाणी मुरत नाही. मुळे गुदमरतात. अशा झाडाचा शेंडा वाळू लागतो तेव्हा रोगाचे खापर किडीवर फोडले जाते. वास्तविक कारण असते ते खोडाभोवतीच्या गर्दीत. म्हणून जुन्या वृक्षांच्या आळ्यांभोवती माणसांना जाऊ न देणे, पालापाचोळा झाडून न नेता तेथेच कुजू देणे, ही साधी कामे कोणत्याही कारंज्यापेक्षा अधिक उपकारक ठरतात.

दुसरा प्रश्न वयाचा. एकोणिसाव्या शतकात लावलेले वृक्ष आता वार्धक्याकडे झुकले आहेत. एखादे मोठे झाड वादळात कोसळले की वर्तमानपत्रात हळहळ व्यक्त होते. परंतु हळहळीपेक्षा प्रश्न असा विचारला पाहिजे की, त्या झाडाचे बी किंवा कलम वेळीच घेऊन ठेवले होते काय. ज्या उद्यानाची रोपवाटिका जागी आहे, तेथे झाडाचा मृत्यू ही हानी असली तरी ती वंशनाशाची हानी नसते. उद्यानातील लालबागी पद्धतीच्या नोंदी, नावांच्या पाट्या आणि वाळवून ठेवलेले नमुने यांचे महत्त्व येथे कळते. चेलुवय्या राजू या चित्रकाराने लालबागेतील वनस्पतींची जी काटेकोर चित्रे काढली, तीही अशाच नोंदींचा भाग आहेत.

तिसरा प्रश्न पाण्याचा आणि तो बुकॅननच्या काळापासूनचा आहे. मोटा गेल्या, नळ आले, बागेच्या दक्षिणेचा तलाव पावसाचे पाणी धरून ठेवू लागला. परंतु शहर तहानलेलेच राहिले. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याची तीव्र टंचाई झाली आणि मार्च महिन्यात पिण्याचे पाणी बागांसाठी वापरण्यास पाणीपुरवठा मंडळाने बंदी केली. शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते झाडांना देणे हा अशा वेळी चैनीचा प्रयोग राहत नाही. तीच आजच्या काळाची मोट आहे. ज्या उद्यानांत ही व्यवस्था आहे त्यांना उन्हाळा पार करता येतो. ज्यांच्यापाशी नाही त्यांचे वाफे प्रथम सुकतात.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना लोकहितच उभे असते. तो प्रश्न जमिनीचा. १९७५ साली कर्नाटक विधिमंडळाने सरकारी उद्यानांच्या जतनाचा कायदा केला. उद्यानाची जमीन अन्य कामासाठी देता येऊ नये, असा त्याचा हेतू होता. लालबागेस या कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे मेट्रो रेल्वेची आखणी झाली आणि तिचा मार्ग बागेच्या पश्चिम कडेने गेला. त्यासाठी कायद्यातच दुरुस्ती करण्यात आली. २००९ साली कडेची भिंत आणि झाडे पाडली जाऊ लागली, तेव्हा नागरिक रस्त्यावर आले. विद्यार्थी होते, निवृत्त लोक होते, रोज पहाटे फिरावयास येणारे होते. झाडे गेलीच. जून २०१७ मध्ये त्या मार्गावर गाड्या धावू लागल्या आणि लालबागेच्या नावाचे स्थानक सुरू झाले.

या प्रकरणाचा न्याय करणे सोपे नाही. मेट्रो ही श्रीमंतांची चैन नव्हे. ती सामान्य नोकरदाराची सोय आहे. ज्याच्यापाशी वाहन नाही, असा दूरच्या वस्तीतील माणूस आज याच गाडीने मुलांना घेऊन लालबाग पाहावयास येऊ शकतो. म्हणून विरोध करणारे भावनाविवश होते आणि बांधणारे निर्दय होते, असे सरळसोट वर्णन खरे ठरणार नाही. चिंतेची बाब वेगळीच आहे. उद्यान राखण्यासाठी केलेला कायदा पहिल्याच मोठ्या कसोटीच्या वेळी वाकवावा लागला. गेलेली जागा एकरांच्या हिशेबात क्षुल्लक होती. परंतु आज क्षुल्लक, उद्या थोडी अधिक, अशाच रीतीने भारतातील कितीतरी शहरांची मैदाने आणि बागा आक्रसत गेल्या आहेत. २०२५ साली हेब्बाळपासून सिल्क बोर्डपर्यंतच्या भुयारी रस्त्याच्या योजनेत लालबागेच्या जागेचा विचार पुढे आला, तेव्हा त्याच प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. त्या पुरातन खडकाचे काय होणार, अशी शंका भूशास्त्रज्ञांनी व्यक्त केली आणि नागरिक पुन्हा बागेत जमले.

वारंवार उद्भवणाऱ्या या वादाच्या मुळाशी एक शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'मोकळी जागा'. नकाशावर उद्यान हिरव्या रंगाने रंगविलेले असते. त्यावर इमारतीची रेघ नसल्यामुळे आराखडा करणाऱ्याच्या डोळ्यांना ते रिकामे दिसते. वस्तुतः ते शहरातील सर्वांत भरलेले ठिकाण असते. तेथे पावसाचे पाणी मुरते, पक्षी वसतात, शाळकरी मुले पानांची नावे शिकतात, म्हातारी माणसे एकमेकांची वाट पाहत बसतात, प्रेमी युगुलांना आडोसा मिळतो आणि ज्याच्या घरात दोन माणसांना एकान्त नाही, अशा कुटुंबाला रविवारची दुपार मिळते. यांपैकी कोणत्याही गोष्टीची किंमत जमिनीच्या दरपत्रकात लिहिलेली नसते. म्हणून ती शून्य धरली जाते. हा हिशेबच चुकीचा आहे आणि तो दुरुस्त करणे हे माळ्याचे काम नसून नागरिकाचे काम आहे.

या सर्व विवेचनातून कोणत्याही शहराच्या जुन्या उद्यानासाठी काही व्यवहार्य निष्कर्ष काढता येतात. उद्यानाच्या सीमा कायद्याने निश्चित असाव्यात आणि त्या बदलावयाच्या असतील तर निर्णयापूर्वी उघड चर्चा व्हावी, नंतर नव्हे. उद्यानाचा प्रमुख हा वनस्पती जाणणारा असावा आणि त्याला एका झाडाची वाढ पाहता येईल इतका काळ त्या जागी राहू द्यावे. कॅमेरॉन यांची चौतीस वर्षे, क्रुम्बिगेल यांची चोवीस वर्षे आणि मरीगौडांची तेवीस वर्षे यांचे फळ आज दिसते आहे. माळ्याच्या ज्ञानाची नोंद व्हावी आणि त्याला केवळ रोजंदारीवरचा हात समजले जाऊ नये. प्रवेशशुल्क असलेच तर ते इतके असावे की गरीब माणूस दारातून परतणार नाही. आणि प्रत्येक वर्षी शोभेच्या कामांवर जेवढा खर्च होतो, तेवढाच तरी माती, पाणी आणि रोपवाटिका यांवर व्हावा.

लालबागेत तमिळनाडूतील तिरुवक्करै येथून आणलेला, दगड झालेला एक वृक्षाचा ओंडका ठेवलेला आहे. तो सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पलीकडे तीनशे कोटी वर्षांचा खडक आहे. या मापाने पाहिले तर अडीचशे वर्षांची बाग म्हणजे कालची गोष्ट आणि एका अधिकाऱ्याची किंवा एका सरकारची कारकीर्द म्हणजे केवळ एक निमिष. परंतु माणसाचे माप वेगळे आहे. आज लावलेले चिंचेचे किंवा आंब्याचे रोप भरात येईल तेव्हा ते लावणारा बहुधा नसेल. हैदरअलीच्या बागवानांना, कॅमेरॉन यांना आणि मरीगौडांना हे ठाऊक होते आणि तरीही त्यांनी झाडे लावली. त्यांनी लावलेल्या सावलीत आज जे बसतात, त्यांच्याकडे पुढल्या शतकाच्या वतीने एवढीच मागणी आहे की, त्यांनीही आपल्या वाट्याचे रोप लावावे आणि ते ज्या जमिनीत वाढेल ती जमीन शिल्लक ठेवावी.